सुलभ प्रसूती : तेल, जेली आणि सोबत

(समाजाच्या वार्षिक संमेलनातील महिला-परिषदेत संग्रामपूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. वधूवर-परिचय, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत आणि ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु आमचे सारे आयुष्य प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेले. तेव्हा ज्या विषयावर प्रत्येक घरात कुजबुज चालते आणि व्यासपीठावर मात्र कोणी बोलत नाही, तोच आम्ही निवडला आहे. तो विषय म्हणजे बाळंतपण. आणि त्यातही, बाळाची वाट सुकर व्हावी म्हणून प्रसूतिमार्गास तेल, तूप किंवा हल्ली मिळणारी जेली लावावी काय, हा प्रश्न.

पुरुषमंडळींपैकी कोणी संकोचाने उठू पाहत असतील, तर त्यांना बसण्याची विनंती आहे. गाडी केव्हा आणावयाची, पैसे कोठून उभे करावयाचे, रुग्णालयात न्यावयाचे की घरीच वाट पाहावयाची, हे निर्णय आपल्या घरांतून बहुधा पुरुषच घेतात. ज्या गोष्टीचा निर्णय आपण घेतो, तिची माहिती नसणे हे शोभादायक नव्हे आणि सुरक्षितही नव्हे.

प्रसूतिमार्गास स्निग्धता असावी हा विचार नवा नाही. परदेशातून आलेलाही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या परिचर्येचा जो अध्याय आहे, त्यात नवव्या महिन्यात औषधी तेलाचा बोळा योनिमार्गात ठेवावा असे सांगितले आहे. आणि त्याचा हेतूही स्पष्ट दिला आहे, तो म्हणजे गर्भाचे स्थान व गर्भाचा मार्ग स्निग्ध व्हावा हा. कळा सुरू झाल्यावर कंबर, पाठ, कुशी व मांड्या यांना कोमट तेल हलक्या हाताने चोळावे असेही तेथे आहे. आपल्या आजीपणजींच्या हाती जी तेलाची वाटी होती, तिची परंपरा एवढी जुनी आहे. तिला हसण्याचे कारण नाही.

परंतु परंपरेतील एकच वाक्य उचलावे आणि बाकीची विसरावीत, हाही न्याय नव्हे. त्याच अध्यायात आणखी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की, जिला स्वतःला अनेक अपत्ये झाली आहेत, जी प्रेमळ आहे, जी घाबरत नाही, अशा स्त्रियांनी प्रसूत होणाऱ्या स्त्रीजवळ बसून तिला धीर द्यावा. दुसरी अशी की, कळ आली नसता तिला जोर करावयास लावू नये. अवेळी केलेला जोर व्यर्थ जातो आणि बाळासही अपाय करतो. तिसरी गोष्ट तर मोठी मौजेची आहे. प्रसूती लवकर व्हावी म्हणून त्या स्त्रीच्या हाती मुसळ देऊन तिला उखळात कांडावयास लावावे, असे काहींचे मत त्या काळी होते. आत्रेयांनी ते साफ नाकारले आणि त्याऐवजी तिने हळूहळू चालावे-फिरावे असे सांगितले. सुश्रुताने तर जवळ असणाऱ्या स्त्रियांची नखे कापलेली असावीत, इतका बारकावा नोंदविला आहे. भगिनींनो, तेल आपण लक्षात ठेवले. कापलेली नखे, धीर देणारी सोबत आणि घाई न करण्याचा उपदेश मात्र आपण विसरलो. आजच्या आमच्या बोलण्याचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

या संदर्भात आपल्या महाराष्ट्राच्या एका कन्येचे स्मरण करणे उचित होईल. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय साहाय्य मिळते तर तो वाचता, ही जाणीव त्यांना पुढे अमेरिकेपर्यंत घेऊन गेली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. नवे शास्त्र शिकावयास गेलेली ही मुलगी आपल्या जुन्या प्रसूतिविद्येकडे पाठ फिरवून बसली नाही. तिने तिचा अभ्यास केला. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. जुने तपासून घ्यावे आणि नवेही तपासून घ्यावे, ही त्यांची दृष्टी आज आपण स्वीकारू या.

आता प्रसूती होते कशी हे थोडक्यात पाहू. गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला आहे. कळ येते म्हणजे हे स्नायू आकुंचन पावतात आणि गर्भाशयाचे मुख, ज्याला आपण पिशवीचे तोंड म्हणतो, ते हळूहळू उघडते. ते सुमारे दहा सेंटिमीटर उघडले म्हणजे पहिली अवस्था संपते. त्यानंतर बाळ प्रसूतिमार्गातून खाली सरकते व जन्म घेते. ही दुसरी अवस्था. वार पडणे ही तिसरी. बाळाने हनुवटी छातीशी टेकविलेली असली, तर त्याच्या डोक्याचा जो व्यास वाटेत येतो तो सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो. तीच मान ताठ राहिली तर तो साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत जातो. बाळाच्या कवटीची हाडे पुरती जुळलेली नसतात. ती किंचित एकमेकांवर सरकतात आणि डोके वाटेप्रमाणे आकार घेते. ही निसर्गाची योजना. वाट ओली व निसरडी राहावी याचीही योजना निसर्गाने केलेली आहे. गर्भजल आहे, मार्गातील चिकट स्राव आहे, आणि बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा लेप आहे. हा लेप म्हणजे घाण समजून बाळ जन्मताच त्याला घासूनपुसून न्हाऊ घालण्याची आपल्याकडे घाई असते. ती करू नये. तो लेप बाळाच्या त्वचेचे रक्षण करतो. आणि पहिले स्नान चोवीस तासांनंतर घालावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

मग बाहेरून लावलेल्या तेलाने किंवा जेलीने काय साधते? आपण शेतकरी माणसे; गाडीचेच उदाहरण घेऊ. आसाला वंगण असले म्हणजे चाक हलके फिरते, कुरकुरत नाही, हे खरे. परंतु गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली असेल, किंवा वाट गाडीपेक्षा अरुंद असेल, तर कितीही वंगण ओतले तरी ती पुढे जाणार नाही. प्रसूतीचेही तसेच आहे. वंगणाने घर्षण कमी होते. डोके लहान होत नाही, कटी रुंद होत नाही, आडवे बाळ सरळ होत नाही आणि मंद पडलेल्या कळांना जोर येत नाही. वंगणाचे क्षेत्र एवढे मर्यादित आहे.

त्या मर्यादेत त्याचा उपयोग किती, याचा शास्त्रशुद्ध शोध अलीकडे झालेला आहे. स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी खास प्रसूतीसाठी एक निर्जंतुक जेली सिद्ध केली. पाण्यात विरघळणारी, चिकट व निसरडी अशी ही जेली कळा सुरू झाल्यावर तपासणीच्या वेळी टप्प्याटप्प्याने प्रसूतिमार्गात सोडतात. पहिलटकरणींवर केलेल्या परीक्षणाचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जेली वापरलेल्या स्त्रियांची दुसरी अवस्था सरासरीने सुमारे २६ मिनिटांनी कमी झाली आणि योनिमुखाखालचा भाग शाबूत राहण्याचे प्रमाणही वाढले, असे आढळले. हे वाचून कोणासही आनंदच होईल. परंतु नंतर अन्य देशांत जी परीक्षणे झाली, त्यांचे निष्कर्ष एकसारखे निघाले नाहीत. कोठे लाभ दिसला, कोठे काहीच फरक दिसला नाही. म्हणून आजमितीस प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की, निर्जंतुक जेली जाणत्या हातांनी वापरल्यास फारसा अपाय नाही, थोडा लाभ संभवतो. परंतु तिच्यावर भिस्त ठेवण्याजोगी ती नव्हे. औषधांच्या दुकानातून नळी आणावी आणि घरी तिचा प्रयोग करावा, हे तर सर्वथैव वर्ज्य समजावे.

आमच्या नोकरीच्या काळातील एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून एका पहिलटकरणीला जीपमध्ये घालून आणले. दोन रात्री कळा चालू होत्या. घरच्या मंडळींनी सुईणीकरवी दर घटकेला तेल लावविले होते. मुलीची जीभ कोरडी पडली होती, अंगात ताप होता, आणि बाळ पोटात आडवे होते. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात धाडण्यात आले, तेथे शस्त्रक्रिया झाली आणि सुदैवाने दोघेही वाचली. तिची सासू आमचा हात धरून पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होती, “बाई, तेलात आम्ही काही कमी केलं नाही हो.” त्या माउलीच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. तिने आपल्या सुनेसाठी जे जे ठाऊक होते ते सर्व केले. परंतु जे ठाऊक होते तेच अपुरे होते. तेल लावण्यात ज्या दोन रात्री गेल्या, त्यांतील पहिल्याच रात्री गाडी निघाली असती तर त्या मुलीचे हाल टळले असते. तेलाचा खरा धोका हा आहे की, आपण काहीतरी करीत आहोत असे समाधान ते देते आणि तेवढ्यात वेळ निघून जातो.

दुसरा धोका स्वच्छतेचा. घरातील तेलाची बरणी ही स्वयंपाकाची असते. तिच्यात दिवसभर चमचे व बोटे जातात. तेच तेल न धुतलेल्या हाताने प्रसूतिमार्गात गेले, तर त्याबरोबर रोगजंतूही जातात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तेथे शंभरांतील अठरा बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरी सुमारे दोनवर आले. औषध बदलले नव्हते, डॉक्टर बदलले नव्हते. केवळ हात धुतले गेले. सुश्रुताची कापलेली नखे आणि सेमेलवाइसचे धुतलेले हात यांत जणू एकाच मायेची दोन रूपे दिसतात.

येथे आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. रुग्णालयात जे रबरी हातमोजे वापरतात, ते बहुधा लेटेक्सचे असतात. खोबरेल, एरंडेल, गोडेतेल किंवा व्हॅसलीन लागले की ते कमकुवत होतात व फाटतात. म्हणून परिचारिका पाण्यात विरघळणारी जेली वापरते. तेल वापरीत नाही. नातलगांनी “आमचे घरचे चांगले तेल घ्या” असा आग्रह धरू नये. त्याचप्रमाणे कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याचा प्रघात काही घरांत आहे, तोही सोडून द्यावा. त्याने जुलाब व उलट्या होऊन ती स्त्री ऐन प्रसूतीच्या वेळी गळून जाते.

आता वाट खरोखरी सुकर कशाने होते, ते सांगतो. हा आमच्या भाषणाचा मुख्य भाग आहे. तो भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावा.

पहिली गोष्ट सोबत. सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या २६ परीक्षणांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांजवळ अखंडपणे कोणीतरी धीर देणारे माणूस होते, त्यांची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचे प्रमाण अधिक होते, कळांचा काळ कमी होता आणि शस्त्रक्रियेची पाळीही कमी आली. चरकाने सांगितलेली बहुप्रसवा, प्रेमळ स्त्री आज आकड्यांनी खरी ठरली आहे. २०१६ साली केंद्र शासनाने सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली, आणि शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे अशीही अपेक्षा ठेवली. ही सवलत मागून घेण्यात लाज कसली? कळांच्या वेळी मुलीला एकटीला खाटेवर टाकून सारी मंडळी बाहेरच्या बाकावर बसून राहतात, हे दृश्य आपण बदलले पाहिजे. मात्र सोबतीण म्हणून जी जाईल तिने “आमच्या वेळी तर आम्ही रडलोसुद्धा नाही” असे टोमणे मारावयाचे नाहीत. पाठ चोळावी, घाम पुसावा, पाणी द्यावे, चांगले बोलावे. एवढे जमत नसेल तिने बाहेरच बसावे.

दुसरी गोष्ट हालचाल. पहिल्या अवस्थेत स्त्रीने चालावे, बसावे, उभे राहावे, कुशीवर वळावे. उताणे पडून राहणे हे बाळालाही मानवत नाही. आपल्या आज्या दोराला धरून उकिडव्या बसत. त्यात शहाणपण होते. घोटघोट पाणी, पेज, चहा घेण्यासही साधारण निकोप प्रसूतीत हरकत नसते. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर घसा कोरडा ठेवणे ही शिक्षाच होय. मात्र शस्त्रक्रियेची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर त्यांच्या सल्ल्याने चालावे.

तिसरी गोष्ट उष्णता व हात. डोके खाली येऊन ताण पडू लागला म्हणजे योनिमुख व गुदद्वार यांमधील नाजूक भागावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाचा शेक दिला असता, मोठ्या फाटण्याचे प्रमाण कमी होते, असे परीक्षणांनी दाखविले आहे. त्या वेळी वंगणासह हलक्या हाताने केलेले मर्दन आणि डोके बाहेर येताना हाताचा आधार, यांनाही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात मान्यता दिली आहे. वंगणाला मान मिळतो तो येथे, शिकलेल्या परिचारिकेच्या स्वच्छ हातात. डोके दिसू लागल्यावर परिचारिका “आता जोर करू नको, फुंकर घाल” असे सांगते, तेव्हा ते ऐकावे. बाळ हळू आले म्हणजे कातडी ताणण्यास अवधी मिळतो. बाहेरच्या मंडळींनी त्याच क्षणी “जोर कर, जोर कर” असा घोष करू नये.

पहिलटकरणीने स्वतः गरोदरपणाच्या ३४ व्या–३५ व्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदा-दोनदा, स्वच्छ धुतलेल्या हातांनी या भागाचे हळुवार मर्दन केल्यास टाके पडण्याचे प्रमाण काहीसे घटते, असेही दिसून आले आहे. परंतु रक्तस्राव, पांढरे जाणे व खाज, पाणी जाणे, किंवा वार खाली असल्याचे निदान यांपैकी काही असल्यास ते करू नये. आणि करण्यापूर्वी आपल्या परिचारिकेस वा डॉक्टरांस विचारावे. ग्रंथात सांगितलेला तेलाचा बोळा घरच्या घरी आत ठेवण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. तो वैद्याच्या देखरेखीचा विषय आहे.

चौथी गोष्ट धीर. पहिलटकरणीची दुसरी अवस्था साधारणपणे तीन तासांपर्यंत आणि पुढच्या बाळंतपणात दोन तासांपर्यंत चालू शकते. पहिल्या अवस्थेत पिशवीचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेबही आता सर्वांना लागू धरत नाहीत. तेव्हा आई व बाळ यांची तब्येत चांगली आहे असे डॉक्टर सांगत असताना नातलगांनी “इंजेक्शन द्या, मोकळी करा” असा तगादा लावू नये. कळा वाढविण्याचे इंजेक्शन हे प्रसूतिगृहात, मोजून, देखरेखीखाली द्यावयाचे औषध आहे. खेड्यात कोणीतरी घरी येऊन ते टोचून जातो, हा प्रकार अत्यंत घातक आहे. वाट अडलेली असता कळा वाढविल्या तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. मात्र बाळ जन्मल्यानंतर रक्तस्राव थांबावा म्हणून तेच औषध आईला रुग्णालयात देतात, ते अवश्य घ्यावे. वेळ बदलली की त्याच औषधाचा गुण बदलतो.

त्याचप्रमाणे पोटावर हाताने, कोपराने किंवा कापड बांधून दाब देणे हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे अमान्य केले आहे. प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट चीर देणे हेही तिने अमान्य केले आहे. जरूर पडल्यासच ती द्यावी. या गोष्टी नम्रपणे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. उलटपक्षी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आवश्यक आहे असे सांगितले, तर “नैसर्गिकच पाहिजे” असा हट्ट धरून वेळ घालविणे हेही चूक आहे. चाक रुतले आहे की केवळ कुरकुरते आहे, हे ज्याला कळते त्याच्या हाती गाडी द्यावी.

भगिनींनो, बाळंतपणानंतरच्या एका गोष्टीविषयी बोलल्यावाचून आम्ही खाली बसणार नाही. अवघड प्रसूतीनंतर काही स्त्रियांना लघवी थांबविता येत नाही, शौचावर ताबा राहत नाही, अंग बाहेर येते, टाक्यांची जागा महिनोन्महिने दुखते. त्या कोणाला सांगत नाहीत. लग्नाला जात नाहीत, देवळात मागे बसतात, आणि घरात त्यांना आळशी म्हणतात. हे त्यांच्या नशिबाचे भोग नव्हेत; यांतील बहुतेक दुखण्यांवर उपचार आहेत. सासूने सुनेला आणि आईने लेकीला सव्वा महिन्याच्या आत मोकळेपणाने विचारावे, “पोरी, खाली काही त्रास तर नाही ना?” या एका प्रश्नाची किंमत कोणत्याही जेलीच्या नळीपेक्षा मोठी आहे.

आता आपल्या भागाची स्थिती पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असते? सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट तुटणारी, मजुरीसाठी बाहेरगावी गेलेली, अशी आपलीच माणसे असतात. २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्ती आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य आहे. १०२ आणि १०८ हे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. तालुक्यात जे होणार नाही त्यासाठी खामगाव आहे, अकोला आहे. तेथे नेण्याचा निर्णय रात्री बारा वाजता सुचण्याऐवजी आठव्या महिन्यातच ठरलेला असावा.

गाडी ताबडतोब केव्हा बोलवावी, तेही ऐकून ठेवा. लाल रक्त जाऊ लागले, झटका आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणी गेले आणि ते हिरवट दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला, डोक्याऐवजी हात, पाय किंवा नाळ दिसली, अथवा एक रात्र कळा देऊनही प्रसूती पुढे सरकली नाही. यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तेलाची वाटी खाली ठेवावी आणि निघावे.

प्रसूती सुलभ करण्याचा सर्वांत पहिला उपाय तर प्रसूतीच्या कितीतरी आधी करावयाचा असतो. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये. पुरती न वाढलेली कटी बाळाला वाट देत नाही. तिला गरोदरपणी पोटभर अन्न, लोहाच्या गोळ्या आणि वेळेवर तपासणी मिळावी. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी सून कळा सोसण्याचे बळ कोठून आणणार?

शेवटी मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. आपल्या निधीतून प्रत्येक गावी एक वाहन व एक चालक, रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी सिद्ध राहील अशी व्यवस्था करावी. सरकारी गाडीला उशीर झाला तर तिचा उपयोग होईल. प्रत्येक गावातील दोन-तीन अनुभवी व प्रेमळ भगिनींची यादी करून त्यांना सोबतीण म्हणून जाण्यास तयार करावे, आणि तालुक्याच्या परिचारिकांकडून त्यांना एक दिवसाचे शिक्षण द्यावे. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, वर्षभरात समाजात किती बाळंतपणे झाली, किती घरी झाली, आणि कोणी माता वा बालक दगावले असल्यास का दगावले, याची नावे न देता नोंद छापावी. आपण देणग्यांचा हिशेब पैशापैशाने छापतो. जिवांचा हिशेब का छापू नये?

तेल वाईट नाही, जेलीही वाईट नाही. परंतु बाळाची वाट मोकळी होते ती धुतलेल्या हातांनी, धीराच्या शब्दांनी आणि वेळेवर निघालेल्या गाडीने. ही तीन वंगणे आपल्या समाजातील प्रत्येक घरात असोत, आणि आपल्या प्रत्येक लेकीसुनेची ओटी सुखरूप भरो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.